पीअर लर्निंग म्हणजे काय? रेडिऑलॉजिस्ट एकमेकांच्या चुकांमधून कसे शिकतात



दोन वर्षांपूर्वी माझी आजी अंगणात घसरून पडली. एक्स-रे काढला, रिपोर्ट आला: फ्रॅक्चर नाही. आम्ही निर्धास्त झालो. आजी मात्र पाय टेकवला की कळवळायची. आठव्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी एमआरआय केला आणि खुब्याच्या हाडाला चीर निघाली. तिथल्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे पुन्हा लावला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे पुसट रेघ आहे बघा. आता माहीत आहे म्हणून दिसतेय."

ऑपरेशन झालं, आजी आता काठी घेऊन चालते. पण मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या कोडमध्ये बग निघाला तर दुसऱ्या दिवशी तो माझ्याच नावावर तिकीट बनून येतो. मग पहिला रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे कधी कळलं का? आम्ही तर कळवलंच नाही. म्हणजे त्यांच्या लेखी तो रिपोर्ट आजही बरोबरच आहे. तशीच पुसट रेघ उद्या दुसऱ्या कुणाच्या आजीच्या एक्स-रेमध्ये आली तर?

या प्रश्नावर रेडिऑलॉजीने शोधलेल्या उत्तराचं नाव आहे पीअर लर्निंग.

मुळात चूक होतेच कशी?

रेडिऑलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय पाहून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर. रोजच्या कामात साधारण ३ ते ५ टक्के रिपोर्टमध्ये काही ना काही चूक किंवा मतभेद असतो, असा अंदाज या क्षेत्रात नेहमी दिला जातो. सगळ्याच चुकांनी रुग्णाचं नुकसान होतं असं नाही. पण यातल्या बहुतांश चुका ज्ञान कमी पडल्यामुळे होत नाहीत. फोटोत असलेली गोष्ट नजरेतून सुटते, म्हणून होतात.

याचा एक भन्नाट प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या संशोधकांनी २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि एका स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र टाकलं. गोरिला साध्या गाठीच्या ४८ पट मोठा होता. तरी २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही! डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यात कळलं की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडली होती. डोळा गाठ शोधत होता, म्हणून मेंदूने गोरिला वगळला.

म्हणजे 'नीट लक्ष द्या' एवढं सांगून भागत नाही. कुठे आणि काय सुटतं हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

आधीची पद्धत: गुण द्या

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २००२ मध्ये 'रॅडपीअर' नावाची पद्धत सुरू केली. कल्पना सोपी होती. रुग्ण नवीन स्कॅनसाठी आला की तुलनेसाठी त्याचा जुना स्कॅन उघडला जातोच. तेव्हाच जुन्या रिपोर्टला एक अंक द्यायचा. १ म्हणजे सहमत. अंक जितका मोठा, तितकी चूक जास्त उघड.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात अडचणी आल्या:

- शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ३ कोण देणार? बहुतेक सगळ्यांना १ मिळू लागला.
- एकाच चुकीला दोन डॉक्टर वेगवेगळे अंक देत.
- पुढे काय झालं हे माहीत असलेल्या माणसाला जुनी चूक नेहमीच उघड वाटते. आमच्या एक्स-रेमधली रेघ आठवा.
- अंक मिळाला तरी त्यातून शिकायचं काय, हे कळत नसे.

याची छोटी आवृत्ती मी स्वतः अनुभवली आहे. माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याला कुणाच्या कोडमध्ये किती बग निघाले, याचा तक्ता लागायचा. दोन महिन्यांत बग निम्मे झाले. कारण सांगू? लोक तिकीट टाकायचंच बंद झाले. चहाच्या टपरीवर कानात सांगायचे, "तुझा तो फंक्शन बघ जरा." तक्ता सुधारला, ॲप मात्र आधीसारखंच क्रॅश व्हायचं. मीही एका मित्राचा बग असाच कानात सांगितला होता. तो त्याने दुरुस्त केला, पण तीच चूक दुसऱ्या टीमने पुन्हा केली, कारण कुठे नोंदच नव्हती.

पीअर लर्निंग कसं चालतं?

पीअर म्हणजे बरोबरीचा सहकारी. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानातल्या चुकांवर मोठा अहवाल काढला. शिक्षेची भीती न घालता चुकांमधून शिकता येईल असं वातावरण हवं, यावर त्यात भर होता. त्यानंतर गुण काढून टाकून फक्त शिकण्यावर भर देणारी ही पद्धत जोरात पुढे आली. साधारण टप्पे असे:

१. केस पाठवणं. काम करताना शिकण्यासारखं काही दिसलं की डॉक्टर ती केस सिस्टीममध्ये टाकतात. सर्जनचा फोन आला, बायोप्सीचा रिपोर्ट वेगळा आला, तरीही टाकतात. अंक द्यायचा नाही.

२. मूळ डॉक्टरला कळवणं. जबाबदारी दिलेला सहकारी केस पाहतो आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला खासगीत, आदराने सांगतो. आमच्या आजीच्या बाबतीत नेमका हाच टप्पा गायब होता.

३. सगळ्यांनी मिळून पाहणं. निवडक केसेस बैठकीत दाखवतात. रुग्णाचंही नाव नाही, डॉक्टरचंही नाही. चर्चा 'कुणाचं चुकलं' यावर होत नाही. 'हे का सुटलं आणि पुढच्या वेळी कुठे पाहायचं' यावर होते.

४. पद्धत सुधारणं. एकाच प्रकारची चूक पुन्हापुन्हा दिसली तर रिपोर्टच्या साच्यात एक ओळ वाढवतात, किंवा एक्स-रे काढण्याची पद्धत बदलतात.

यात फक्त चुका येत नाहीत. कुणी अवघड गोष्ट अचूक पकडली असेल तर तीही आवर्जून दाखवतात. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सने तर आपल्या मतभेदांच्या बैठकांचं नावच बदलून त्यात 'लर्निंग' हा शब्द आणला.

मग बेफिकीर डॉक्टरांचं काय?

रास्त शंका आहे. जाणूनबुजून हलगर्जी करणाऱ्यांसाठी कारवाईचा मार्ग वेगळा ठेवतात. दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये आल्या की लोक केस पाठवणं थांबवतात. विमान क्षेत्रात हे आधीच कळलं होतं. नासा १९७६ पासून अमेरिकेत अशी यंत्रणा चालवतं, जिथे वैमानिक नाव गुप्त ठेवून चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात कळवू शकतात. आमच्या क्षेत्रातही सर्व्हर बंद पडला की दोष न देता पोस्टमॉर्टेम लिहिण्याची पद्धत आता रुळली आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. या पद्धतीत कोण किती टक्के चुकतो, हा आकडा मिळत नाही. त्याऐवजी किती जणांनी केसेस पाठवल्या आणि त्यातून काय बदललं, हे मोजतात. त्यामुळे 'इतके रुग्ण वाचले' असं थेट दाखवणं कठीण जातं. पण एकाच्या नजरेतून सुटलेली रेघ विभागातल्या सगळ्यांना दिसली, तर पुढच्या रुग्णाचा फायदा होण्याची शक्यता नक्की वाढते.

आपण काय करू शकतो?

- जुने स्कॅन टाकून देऊ नका. नवीन तपासणीला जाताना सोबत न्या, तुलना तिथूनच सुरू होते.
- फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो पुरेसा नसतो. सेंटरकडून मूळ डायकॉम फाइल मागा, सीडीवर किंवा लिंकवर. डॉक्टर त्यात उजेड कमी-जास्त करून बारीक गोष्टी पाहू शकतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर झिप करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- त्रास कुठे होतो, कसा पडलात, हे फॉर्मवर नीट लिहा. कुठे पाहायचं याचा तो इशारा असतो.
- निदान नंतर बदललं, तर पहिल्या सेंटरला नवीन रिपोर्टची प्रत द्या. भांडायला नको, फक्त कळवा.

शेवटचं काम मी स्वतः फार उशिरा केलं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा आजीचा एमआरआय रिपोर्ट घेऊन त्या पहिल्या सेंटरवर गेलो. काउंटरवरची ताई आधी घाबरली, तिला वाटलं तक्रार घेऊन आलोय. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी तिथेच उभं राहून रिपोर्ट वाचला, जुना एक्स-रे स्क्रीनवर उघडायला सांगितला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बरं झालं आणून दिलंत. आजी कशा आहेत?"