सीमाभागातील कळप आणि जनावरांपासून जडणारे रोग

बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यातील धनगरांचे वर्ष मेंढरांच्या पायांवर चालते. पाऊस लागला की कळप पूर्वेच्या कोरड्या माळाकडे सरकतात. सुगीनंतर शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात. वीण, कातरण, दूध काढणे, मेलेले मेंढरू सोलणे ही सारी कामे उघड्या हातांनी होतात आणि रोगही त्याच हातांतून माणसात येतात. कोकरांच्या ओठांवरचा मावा मेंढपाळाच्या बोटांवर फोड आणतो. तो बरा होतो; फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचे तसे नाही.

फाशीने जनावर तडकाफडकी मरते. ते फाडले की रक्तातल्या जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक दशके टिकतात. सोलणाऱ्याच्या हातावर मधोमध काळी पडणारी, न दुखणारी पुळी उठते. म्हणूनच माणसातल्या या रोगाला काळपुळी म्हणतात. मेलेले जनावर न फाडता चुना घालून खोल पुरणे हा त्यावरचा एक उपाय. पण कातडे आणि मटण मातीत घालणे गरीब घराला सोसत नसे, ही अडचण कोणत्याही अज्ञानापेक्षा मोठी होती.

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत वासरांच्या कातडीवर लस तयार होई, ती माणसांच्या देवीसाठी. जनावरांच्या फाशीवर सोयीची लस मॅक्स स्टर्न यांनी दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात शोधली. बेळगाव तेव्हा ज्यात होते त्या मुंबई प्रांताने 1948 मध्ये जनावरांच्या रोगांविषयी कायदा केला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि पशुवैद्यकीय कारभार बंगळूरकडे वळला. कळपांच्या वाटा मात्र महाराष्ट्रातल्या कोल्हापूर-सांगलीकडे जातच राहिल्या. एका राज्यात टोचलेले मेंढरू दुसऱ्या राज्यात चरते. त्यामुळे पावसाआधीची लस कळप गावात असतानाच द्यावी लागते. पुढे 2009 च्या केंद्रीय कायद्याने फाशी आणि ब्रुसेलोसिस या रोगांची खबर देणे दोन्ही राज्यांत सारखेच बंधनकारक केले.

ब्रुसेलोसिस अधिक लपून राहतो. मेंढी गाभडते, गाभडलेले पिल्लू आणि वार हाताळणाऱ्याला, कच्चे दूध पिणाऱ्याला महिनोन्‌महिने चढता-उतरता ताप येतो, सांधे धरतात, आणि तो हिवताप समजला जातो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची लस गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना दिली जाते. मेंढ्या-शेळ्या तिच्याबाहेर आहेत, आणि माणसाला सर्वाधिक त्रास देणारी या जंतूची जात मुख्यतः त्यांच्यातच आढळते.