जुन्या तबकड्यांतून घडलेले संगीत : फ्रँकी नकल्स आणि शिकागोचे हाउस

शिकागो शहरात १९८०च्या दशकात आकाराला आलेले ‘हाउस’ हे नृत्यसंगीत यंत्रांनी घडवले, असे मानण्याचा प्रघात आहे. ड्रम मशीन, म्हणजे तालवाद्यांचे ध्वनी विद्युत मार्गाने निर्माण करून नेमून दिलेला ठेका अखंड वाजवणारे यंत्र, आणि सिंथेसायझर यांचा त्यातील वाटा नाकारता येत नाही. तथापि या शैलीचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे डीजे फ्रँकी नकल्स यांची कारकीर्द तपासली, तर नव्या यंत्रांच्या आधी जुन्या ध्वनिमुद्रिका नाचत्या ठेवण्याची खटपट दिसते, आणि हाउसची मुळे त्या खटपटीत आहेत.

नकल्स यांचा जन्म १९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी मित्र लॅरी लेव्हन यांच्यासह ‘कॉन्टिनेन्टल बाथ्स’ या समलिंगी पुरुषांच्या स्नानगृह-क्लबात डीजेची उमेदवारी केली. त्या काळी फिलाडेल्फियात ध्वनिमुद्रित होणाऱ्या सोल संगीतात तंतुवाद्यांचा भरणा असे आणि अर्ल यंग यांच्यासारखे ड्रमवादक चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा सारखा ठोका देत. डिस्कोचा आणि पुढे हाउसचाही कणा ठरलेला हा ठेका, ‘सालसोल’सारख्या कंपन्यांच्या लांबलचक ध्वनिमुद्रिका आणि चर्चमधील गायनाच्या वळणाचे स्त्रीकंठ, एवढी शिदोरी घेऊन नकल्स १९७७ मध्ये शिकागोला गेले. तेथे साउथ जेफरसन स्ट्रीटवरील एका जुन्या औद्योगिक इमारतीत रॉबर्ट विल्यम्स यांनी चालवलेल्या ‘वेअरहाउस’ क्लबचे ते डीजे झाले. शनिवारी रात्री सुरू होणारा तेथील नाच रविवार उजाडला तरी थांबत नसे, आणि नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुणांचा भरणा असे. पुढे हाउस हे नावही या क्लबच्या नावाचे संक्षिप्त रूप म्हणून रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांच्या पुढाकाराने डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. डिस्कोविरोधी लाटेचे हे ठळक प्रतीक ठरले. लवकरच मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले, रेडिओ केंद्रांनीही पाठ फिरवली आणि नव्या नृत्यध्वनिमुद्रिकांचा ओघ आटला. रात्रभराचा नाच मात्र थांबणार नव्हता, त्यामुळे हाती असलेल्या जुन्या गाण्यांतूनच नवेपण काढणे डीजेला भाग पडले.

यासाठी नकल्स यांनी ध्वनिअभियांत्रिकी जाणणारे मित्र इरास्मो रिव्हेरा यांच्या मदतीने चुंबकीय फितीचा आधार घेतला. गाणे स्पूलवरील फितीत उतरवायचे, गायन थांबून केवळ ताल उरतो तो भाग, ज्याला या व्यवसायात ‘ब्रेक’ म्हणतात, फितीवर शोधायचा, ती नेमक्या मात्रेवर पात्याने कापायची आणि त्या भागाच्या प्रती चिकटपट्टीने एकापुढे एक जोडायच्या, अशी ही रीत होती. काही सेकंदांचा ताल त्यामुळे कित्येक मिनिटे लांबवता येई आणि गायिकेचा प्रवेश नाचणाऱ्यांची उत्कंठा पुरती ताणली जाईपर्यंत रोखून धरता येई. ‘फर्स्ट चॉइस’ या गायिकांच्या चमूचे १९७७ मधील ‘लेट नो मॅन पुट असंडर’ हे गाणे नकल्स यांच्या रीमिक्सद्वारे, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या फेरमांडणीद्वारे, १९८३ मध्ये पुन्हा बाजारात आले.

याच सुमारास वेअरहाउस सोडून त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब काढला आणि डेट्रॉइटच्या डेरिक मे यांच्याकडून रोलँड कंपनीचे टीआर-९०९ हे ड्रम मशीन विकत घेतले. या यंत्राचे पहिले काम जुन्या गाण्यांच्या तालाला खालून बळ देण्याचे होते. जेसी सॉन्डर्स, मार्शल जेफरसन, जेमी प्रिन्सिपल आदींच्या स्वतंत्र हाउस रचना १९८४ पासून प्रसिद्ध होत गेल्या. केवळ यंत्रांनी ही परंपरा उभी राहिली नसती, याची साक्ष मुंबईत मिळते. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या रोलँडच्याच यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले; २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर त्या ध्वनिमुद्रिकेची तुलना शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या उपशाखेशी होऊ लागली, पण तिच्या काळी तिच्यावर दर आठवड्याला नाचणारा समुदाय मुंबईत नव्हता आणि तिच्यामागे परंपराही निर्माण झाली नाही.

नकल्स यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये डीजे डेव्हिड मोरालेस यांच्यासह ‘डेफ मिक्स’ या निर्मितीसंस्थेसाठी विपुल रीमिक्स केले. रीमिक्सकारांसाठी नव्यानेच सुरू झालेला ग्रॅमी पुरस्कार १९९८ मध्ये सर्वप्रथम त्यांना मिळाला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि हजारो ध्वनिमुद्रिकांचा त्यांचा संग्रह आज शिकागोच्या ‘स्टोनी आयलंड आर्ट्स बँक’ या संस्थेत जतन केलेला आहे. हाउसच्या डीजेंमध्ये ‘क्लासिक’ गाण्यांना असलेल्या मानाचा अर्थ या कारकिर्दीतून उलगडतो. गाणे मूळ रूपात जपून ठेवण्यापेक्षा ते पुन्हा पुन्हा कापून, लांबवून, नव्या तालावर बसवून नाचणाऱ्यांसमोर आणणे हीच या व्यवसायातील जतनाची रीत आहे, आणि अशा फेरमांडणीला जे गाणे पिढ्यानपिढ्या पुरून उरते तेच तेथे क्लासिक ठरते.