टर्बोचार्जरची तेलवाहिनी आणि तिची गळती

टर्बोचार्जरच्या धारव्यांना म्हणजे बेअरिंगांना एंजिनातील वंगणतेल पोहोचविणारी एक बारीक नळी आणि ते तेल तळटाकीत परत सोडणारी दुसरी जाड नळी, या दोहोंस मिळून तेलवाहिनी असे म्हणता येईल. टर्बोचार्जरमध्ये एंजिनाबाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंवर टरबाइन फिरते व त्याच आसाच्या दुसऱ्या टोकावरील संपीडक हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवितो. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एंजिनास अधिक हवा मिळते आणि त्याच आकारमानाच्या एंजिनापासून अधिक शक्ती मिळते. मोटारगाडीत हा आस दर मिनिटास १ लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि पेट्रोल एंजिनात टरबाइनकडील वायूंचे तापमान ९००° से.च्या पुढे जाते. अशा आसाला धारव्यापासून अलग ठेवते ते मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतके पातळ तेलपटल. या यंत्राचा इतिहास बहुधा पाती आणि मिश्रधातू यांच्या अंगाने सांगितला जातो. मोटारगाडीपुरते पाहिले, तर तो या पेन्सिलीएवढ्या नळीचाही इतिहास आहे.

पूर्वेतिहास : स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, परंतु तिला व्यवहारात यश येण्यास सुमारे वीस वर्षे लागली. १९२६ मध्ये ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांना टर्बोचार्जर जोडल्यामुळे त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. जहाजावर जागेची वाण नव्हती. पुढे अशा मोठ्या टर्बोचार्जरांत धारवे आसाच्या दोन्ही टोकांना, उष्णतेपासून दूर बसवून त्यांना स्वतःचे स्वतंत्र तेल देण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. तेथे तेलाचा प्रश्न होता, पण तो बिकट नव्हता.

विमानांत तो वेगळ्याच रूपाने पुढे आला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील सुमारे ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर ‘लिबर्टी’ एंजिनाची टर्बोचार्जरसह चाचणी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ‘बी–१७’ या बाँबफेकी विमानांच्या प्रत्येक एंजिनास टर्बोचार्जर असे. त्याचा वेग आवरणारी झडप आरंभी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रकाने हलविली जाई. उंचावरील कडाक्याच्या थंडीत नळीतील तेल घट्ट होऊन झडप वेळेवर हलत नसे आणि टरबाइन मर्यादेबाहेर फिरू लागे. युद्धाच्या उत्तरार्धात या तेलनियंत्रकाची जागा विद्युत् नियंत्रकाने घेतली. आकाशात तेल गोठल्याने जे घडले, ते जमिनीवर तेल जळल्याने घडावयाचे होते.

मोटारगाडीत प्रवेश : गाडीच्या बॉनेटखाली मावेल असा टर्बोचार्जर करावयाचा, तर दोन्ही धारवे मधल्या एकाच कवचात, एका बाजूस तापलेले टरबाइन व दुसऱ्या बाजूस संपीडक अशा अवघड जागी आणावे लागले. स्वतंत्र तेलटाकीला वाव नव्हता, म्हणून एंजिनाचेच तेल वापरणे आले आणि तेलवाहिनी जन्मास आली. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल ‘जेटफायर’ व शेव्हरोले ‘कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर’ या गाड्या टर्बोचार्जरसह विक्रीस आल्या. जेटफायरला पाणी व मेथॅनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती आणि ती भरून ठेवण्याचा पुष्कळ मालकांना कंटाळा येई. ही गाडी दोनच वर्षे टिकली. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू ‘२००२ टर्बो’ आली, ती नेमकी तेलटंचाईच्या वर्षी. सर्वसाधारण गिऱ्हाइकाने रोज वापरावी अशी टर्बो गाडी म्हणून साबच्या ‘९९ टर्बो’चे नाव घ्यावे लागेल, ती १९७७ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली.

या गाड्या सामान्य माणसाच्या हाती गेल्यावर एक नवाच दोष दिसू लागला. भरधाव आलेली गाडी थांबवून एंजिन बंद करताच तेलपंपही थांबतो. टरबाइनच्या कवचातील उष्णता मात्र मधल्या धारव्यांकडे सरकत राहते. तेथे अडकलेले खनिज तेल करपून त्याचा कोळसा होतो. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास चहासाठी थांबणाऱ्या गाडीत हीच स्थिती उद्भवते. कोळशाचे कण नळीचा मार्ग अरुंद करतात, धारव्यास तेल कमी पडते आणि आस डगमगू लागतो. यावर तीन उपाय झाले. पहिला म्हणजे एंजिन बंद करण्यापूर्वी ते मिनिटभर मंद चालू ठेवण्याची सूचना. ती अनेक पुस्तिकांत छापली गेली व क्वचितच पाळली गेली. दुसरा, अधिक तापमानास टिकणारी संश्लेषित तेले. तिसरा व सर्वांत परिणामकारक उपाय १९८० नंतरच्या दशकात रूढ झाला. मधल्या कवचाभोवती एंजिनातील थंड करणारे पाणी खेळविण्यात आले. एंजिन थांबल्यावरही हे पाणी उष्णतेमुळे आपोआप फिरत राहते.

गळतीचे निदान : या विषयात सर्वाधिक पैसा चुकीच्या निदानापायी वाया जातो. टर्बोचार्जरपाशी तेल दिसले की त्याचे ‘सील’ गेले, असे सांगून संपूर्ण टर्बोचार्जर बदलला जातो. वस्तुतः या आसावर पाण्याच्या पंपात असते तसे घट्ट सील बहुधा नसतेच. तेथे दट्ट्यावरील कड्यासारखी बारीक धातूची कडी असतात आणि बाहेरील वायूचा दाब व आतील तेलाचा सुलभ निचरा यांवरच तेल जागी राहते. धारव्यातून बाहेर पडणारे तेल फेसाळ व दाबहीन असते. ते केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. म्हणूनच परतीची नळी पुरवठ्याच्या नळीपेक्षा कितीतरी जाड असते आणि ती शक्य तितकी सरळ खाली जावी लागते. ती दबली, तीत गाळ साचला, तळटाकीत तेल प्रमाणाबाहेर भरले किंवा एंजिनाच्या पोटातील वायू बाहेर नेणारा मार्ग तुंबला, की तेल मागे साचते आणि निर्दोष कड्यांमधूनही संपीडकात वा टरबाइनमध्ये शिरते. निळसर धूर निघतो. हवेची गाळणी धुळीने बंद झाली असली, तरी संपीडकामागे चोषण निर्माण होऊन तेल ओढले जाते. ही कारणे तशीच ठेवून बसविलेला नवा टर्बोचार्जरही काही दिवसांत गळू लागतो व दोष त्याच्या कारखान्यावर जातो. डीझेल एंजिनात याहून भयंकर प्रकार संभवतो. ते आत आलेल्या स्वतःच्या तेलावरच चालू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही.

पुरवठ्याच्या नळीची गळती बाहेर दिसते, पण ती अधिक धोक्याची असते. येथे तेल दाबाखाली असते आणि शेजारीच निष्कास नलिका तापून लाल झालेली असू शकते. जळक्या तेलाचा वास हा पहिला इशारा होय. गळण्याच्या जागा ठराविक आहेत : पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर, टोकाचे रबरी कडे आणि कंपनाने चिरलेली नळी. ब्रिटनमध्ये बनलेल्या मिनी ‘कूपर एस’च्या २००७ नंतरच्या १.६ लिटर एंजिनात ही नळी निष्कास नलिकेच्या अगदी जवळून जाते. उष्णतेने रबरी कडे कडक होऊन होणारी तिची गळती कारागिरांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्यावर नवी नळी उष्णतारोधक आवरणासह बसवितात. याच गाडीत एंजिन थांबल्यावर टर्बोचार्जरभोवती पाणी फिरविण्यासाठी विजेचा लहान पंप दिलेला होता. त्या पंपाचे विद्युत् मंडल तापून आग लागण्याचा संभव दिसल्याने जानेवारी २०१२ मध्ये जगभरातील सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेल वाचविण्याची योजनाच धोक्याची ठरली, असा हा विलक्षण प्रसंग होता.

दुरुस्ती : प्रथम सर्व भाग धुऊन कोरडे करावे आणि एंजिन थोडा वेळ चालवून तेल कोठून येते ते पाहावे; तेल वाऱ्याने मागे व वजनाने खाली पसरते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा हीच बहुधा खरी असते. उघडलेल्या प्रत्येक सांध्यास नवे वॉशर घालावे. जुने तांब्याचे वॉशर लाल तापवून मऊ करण्याची आपल्याकडील कारागिरांची रीत शास्त्राला धरून आहे, कारण दाबाने कठीण झालेले तांबे तापविल्याने पुन्हा नरम होते. मात्र नव्या वॉशरची किंमत पाहता तो खटाटोप आडगावीच शोभतो. सांध्यावर लुकण किंवा आट्यांवर टेप मुळीच लावू नये. तिचा सुटलेला एक कपटाही धारव्याचे तोंड बंद करण्यास पुरतो. काही एंजिनांत पोकळ बोल्टच्या आत बारीक जाळी असते व ती गाळाने भरते. टर्बोचार्जर नवा बसविताना ती जाळी व नळी तशीच ठेवणे म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून उपाशी ठेवणे होय. आत कोळसा जमलेली नळी साफ करण्यापेक्षा बदललेली बरी. जोडणी झाल्यावर धारव्याच्या तोंडात स्वच्छ तेल ओतावे, इंधन तोडून एंजिन स्टार्टरने थोडे फिरवावे व परतीच्या नळीतून तेल येऊ लागल्यावरच ते सुरू करावे. मग काही मिनिटे ते मंद चालवून सर्व सांधे पुन्हा पाहावे आणि एंजिन थंड झाल्यावर तेलाची पातळी तपासावी.