लहान विमाने आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल

मोठी प्रवासी विमाने केरोसीनच्या जातीच्या इंधनावर उडतात. वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी दोन-चार आसनी विमाने मात्र बहुतांशी पिस्टन इंजिनावर चालतात. त्यांचे प्रचलित इंधन म्हणजे 'एव्हगॅस १०० एलएल'. इंजिनातील ठोके टाळण्यासाठी त्यात शिशाचे संयुग मिसळलेले असते. शिशाचे प्रमाण लिटरमागे कमाल ०.५६ ग्रॅम. हे इंधन महाग असते. भारतात तर ते पूर्णपणे आयात होत असे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथे त्याचे उत्पादन सुरू केले.

स्वस्त पर्याय म्हणून मोटारीच्या पेट्रोलचा विचार जुनाच आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन'ने सेस्ना १५० या विमानासाठी तशी मान्यता मिळवली. पुढे इतर अनेक विमानांनाही ती मिळाली. मात्र अशा मान्यतांमध्ये पेट्रोल इथेनॉलविरहित असण्याची अट असते. तेथील हवाई वाहतूक प्रशासनाने २००६ मध्ये याविषयी पुन्हा सावध केले.

या अटीमागे ठोस कारणे आहेत. इथेनॉल पाणी शोषून घेते. दर हजार फुटांमागे हवेचे तापमान सुमारे दोन अंशांनी घटते. इंधन थंड झाले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिनाकडे प्रथम तेच जाते. उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घसरतो. थोड्या इथेनॉलनेही पेट्रोलची बाष्पनशीलता वाढते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने नळीत बुडबुडे होऊन इंधनपुरवठा खंडित होऊ शकतो. जुनी रबरी सीले व टाकीतील लेप खराब होतात, ते वेगळेच. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने विमानाचा पल्लाही घटतो. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घेता येते. आकाशात ती सोय नाही.

तरीही इथेनॉल आणि विमान यांचे मुळातच वैर आहे, असे नाही. ब्राझीलमधील 'इपानेमा' या शेतीफवारणीच्या विमानाला २००४ मध्ये इथेनॉलवर उडण्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यासाठी इंधनव्यवस्थेत आवश्यक ते बदल करण्यात आले. रोटॅक्स ९१२ मालिकेतील इंजिनांना १० टक्के इथेनॉलची मुभा आहे. पण इंजिनाबरोबरच विमानाच्या निर्मात्याचीही संमती लागते.

भारतात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातील उसापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल तयार होते आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर आले आहे. हे प्रमाण रोटॅक्सच्या मर्यादेच्या दुप्पट आहे.

इथेनॉल ओळखण्याची चाचणी सोपी आहे. खुणा असलेल्या काचनळीत थोडे पाणी घेऊन खूण करावी, त्यात पेट्रोल ओतून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. तळातील पाण्याची पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे असे समजावे आणि मान्यता नसलेल्या विमानात ते भरू नये.