मृत भिक्खूच्या परिक्खारांचा वारस कोण?

कोसल जनपदातून दोन भिक्खू मार्गक्रमण करीत होते. वाटेतील एका आवासात त्यांना एक भिक्खू आजारी पडलेला आढळला. तथागतांनी रुग्णसेवेची प्रशंसा केली आहे, हे स्मरून ते तेथेच थांबले व त्याची शुश्रूषा करू लागले. अखेर तो कालवश झाला. त्याचे पात्र आणि चीवर घेऊन दोघे श्रावस्तीस आले व भगवंतांना त्यांनी सर्व वृत्तान्त निवेदन केला. ते स्वतःजवळ ठेवून घेतले असते, तर विचारणारे कोणी नव्हते.

विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खंधकात ही हकीकत आली आहे. तिच्या लगेच आधी, अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी व आनंदांनी स्नान घातल्याचा प्रसंग आहे. पूज्य बाबासाहेबांनी तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतल्यामुळे आपणांस परिचित आहे. पुढचे प्रकरण मात्र क्वचितच वाचले जाते. वास्तविक दोन्ही एकाच सूत्रात ओवलेली आहेत. ज्यांना सेवा करण्यास मातापिता जवळ नाहीत, त्यांनी परस्परांची सेवा करावी, हा पहिल्या प्रसंगाचा आदेश. त्या सेवेचा संपत्तीशी काय संबंध, हे दुसऱ्यात ठरते.

मृत भिक्खूच्या पात्र-चीवरांचा स्वामी संघ होय. परंतु शुश्रूषा करणारे बहूपकारी आहेत, म्हणून संघाने तीन चीवरे व पात्र त्यांना द्यावे, असा हा निर्णय आहे. सेवा करणाऱ्याने वस्तू संघापुढे आणावयाच्या, समर्थ भिक्खूने ज्ञप्ती मांडावयाची, आणि कोणी आक्षेप न घेतल्यास मौन हीच संमती. सेवेत श्रामणेर असेल, तर त्यालाही समान वाटा. ज्येष्ठता येथे मोजली जात नाही. उरलेल्यांपैकी लहुभंड म्हणजे किरकोळ वस्तू उपस्थित संघाने वाटून घ्याव्यात. गरुभंड मात्र आलेल्या आणि न आलेल्या चातुद्दिस संघाचे, ते वाटताही येत नाही व देऊनही टाकता येत नाही.

या नियमाचे मोल कळण्यासाठी त्या काळचा राजधर्म पाहावा. श्रावस्तीचा एक धनिक निपुत्रिक वारला, तेव्हा त्याचे ऐंशी लक्ष सुवर्ण राजा पसेनदीने राजवाड्यात नेले, असे संयुत्तनिकायात आहे. कण्यांची पेज पिऊन त्या कृपणाने हे धन साठविले होते. मनुस्मृतीने तर बेवारस धनातही वर्णभेद आणला: ब्राह्मणाचे धन राजाने घेऊ नये, ते वेदज्ञ ब्राह्मणांकडे जावे, इतर वर्णांचे राजाने घ्यावे (9.188-189). सेवा करणाऱ्याचा तेथे उल्लेखही नाही.

राजा आणि संघ यांचा संघर्ष मूलसर्वास्तिवाद विनयात उघडपणे येतो. गिलगिट येथे 1931 साली सापडलेल्या हस्तलिखितांतील चीवरवस्तूत उपनंद नावाच्या भिक्षूची कथा आहे. त्याच्यामागे तीन लक्ष सुवर्ण उरले. राजाने त्याच्या खोलीवर मोहोर लावविली. तेव्हा भगवंतांनी आनंदांकरवी राजाला विचारविले की, राजकार्यात आपण कधी उपनंदाचा सल्ला घेतला होता काय? तो आजारी असता त्याची सेवा केली होती काय? राजाला नाही म्हणावे लागले, आणि त्याने हक्क सोडला. ही कथा उत्तरकालीन, संपन्न विहारांच्या काळातली असावी, असे माझे मत आहे. भिक्षूजवळ एवढे सुवर्ण कसे, हा प्रश्नही टाळण्याचे कारण नाही. पण युक्तिवाद महावग्गाचाच आहे.

सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या इत्सिंगने प्रत्यक्ष व्यवहार नोंदविला आहे. प्रथम तीन गोष्टींची चौकशी होई: मृताचे ऋण आहे काय, त्याने काही सांगून ठेवले आहे काय, आजारात त्याची सेवा कोणी केली. मग वाटणी. जमीन व घरे अविभाज्य. औषधे रुग्णांसाठी कोठारात. धर्मग्रंथ ग्रंथालयात सर्वांसाठी, इतर ग्रंथ विकून पैसे वाटावयाचे. सुवर्ण-रजताचे तीन भाग: बुद्ध, धर्म व संघ यांचे. शस्त्रे निघाली, तर ती वितळवून सुया, आरी व चाकू करावेत आणि भिक्षूंना द्यावेत.

आज भारतात बौद्धांनाही 1956 चा हिंदू वारसा अधिनियम लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास वारसा सामान्यतः नात्याने ठरतो, वारसच नसल्यास कलम 29 प्रमाणे संपत्ती शासनाकडे जाते. श्रीलंकेत 1931 च्या अध्यादेशाने भिक्षूची स्वकष्टार्जित, हयातीत न दिलेली संपत्ती त्याच्या विहाराची मानली, वडिलोपार्जित वगळली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. आपल्या विहारांत वृद्ध भिक्खूंच्या उशाशी रात्री जागणारा श्रामणेर कायद्याच्या लेखी कोणीच नाही. म्हणून पासबुक, ग्रंथसंग्रह आणि दानातील वस्तू यांविषयी भिक्खूंनी हयातीतच मृत्युपत्र करावे आणि विहार समित्यांनी त्यांना त्यासाठी साह्य करावे. इत्सिंगच्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर तेवढे लेखी असेल, तर पहिल्याचे व तिसऱ्याचेही त्यातच नमूद करता येईल.