गीतसंकलन (ध्वनिमुद्रण)

गीतसंकलन म्हणजे एखाद्या गायकाची वेगवेगळ्या काळात प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रित गीते निवडून एकत्र काढलेला संच होय. संपूर्ण कारकीर्द एका संचात आणण्याचा प्रयत्न त्यात असतो. मात्र संचात कोणती गीते येतात, हे गायकाच्या कामगिरीइतकेच ध्वनिमुद्रणाच्या मालकीवरही अवलंबून असते.

मूळ मुद्रण व पुन्हा केलेले मुद्रण

गायकाने ध्वनिमुद्रण कंपनी बदलली, तरी जुनी मुद्रणे सामान्यतः आधीच्या कंपनीकडेच राहतात. त्यामुळे गाजलेली गीते नव्या कंपनीसाठी पुन्हा गाऊन घेण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील ‘कंट्री’ या लोकाभिमुख संगीतप्रकारात याची अनेक उदाहरणे आढळतात. गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२–१९६३) यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये निघालेल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संचात त्यांच्या १९५७ च्या एका लोकप्रिय गीताचे मूळ मुद्रण नसून १९६१ मध्ये पुन्हा केलेले मुद्रण आहे. गायक जॉर्ज जोन्स यांनीही आपली आरंभीची गीते नंतरच्या कंपन्यांसाठी पुन्हा गायिली. शीर्षक तेच असले, तरी वादन, लय व आवाजाचे वय बदललेले असते.

सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण

मराठीत लावणीगायिका सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांची कारकीर्द या दृष्टीने बोलकी आहे. विवाहापूर्वी सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले. संगीतकार श्यामसुंदर यांच्या ‘ढोलक’ (१९५१) मधील त्यांची गीते त्याच नावाने नोंदलेली आहेत. विवाहानंतर पती श्यामराव चव्हाण यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लावणी आत्मसात केली. आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ असे संबोधले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) व ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटांतील जगदीश खेबुडकरांच्या, तसेच ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) मधील ग. दि. माडगूळकरांच्या लावण्या त्यांच्या सर्वाधिक परिचित गीतांत मोडतात. या तिन्ही चित्रपटांचे संगीत वसंत पवार यांचे आहे. केवळ या लावण्यांपुरता मर्यादित असलेला संच ‘लोकप्रिय गीते’ ठरतो. कारकिर्दीच्या संचात हिंदी गीते आणि चित्रपटाबाहेरील लावण्याही असाव्या लागतात. विवाहापूर्वीचे आडनाव वेगळे असल्यामुळे हिंदी गीते शोधताना दोन्ही नावांनी पाहावे लागते. अभिनेत्री सुलोचना लाटकर (१९२८–२०२३) या वेगळ्या व्यक्ती होत.

निवडीचे निकष

चांगल्या संचाच्या सूचीत प्रत्येक गीतापुढे चित्रपट, वर्ष, गीतकार व संगीतकार दिलेले असतात. वर्ष नसल्यास मूळ मुद्रण कोणते, हे ओळखणे कठीण जाते. गीतकार व संगीतकारांची नावे गाळली गेल्यास त्यांचे श्रेय गायकाच्या नावामागे झाकले जाते. मूळ ध्वनिफितीची सफाई केलेले पुनर्मुद्रण आणि नवे वाद्यसंयोजन जोडलेले रीमिक्स यांतही भेद करावा लागतो. पहिल्यात मूळ गायन-वादन कायम असते, दुसऱ्यात ते बदललेले असते.

स्वामित्वहक्क

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६४ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२४ अखेर संपली. गीताच्या शब्दांचा हक्क मात्र स्वतंत्र असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. खेबुडकरांचे निधन २०११ मध्ये झाल्याने त्यांच्या शब्दरचनांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत अबाधित आहेत. म्हणून मुद्रणाची मुदत संपली, तरी त्यातील गीत सर्वांसाठी खुले झाले असे होत नाही.

मर्यादा

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गीत मावत असे. संगीतबारीतील बैठकीची लावणी मात्र श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार लांबते आणि तिच्यात अदाकारीचा मोठा वाटा असतो. कला केंद्रांसारख्या ठिकाणी सादर होणारी ही परंपरा तबकडीच्या वेळेत बसणारी नाही. ध्वनिमुद्रणांचा संच कितीही परिपूर्ण असला, तरी तो गायिकेच्या मुद्रित कामाचाच संग्रह असतो; लावणीच्या समग्र परंपरेचा नव्हे.