इनिटचा वाद आणि डेस्कटॉपची निवड

लिनक्सचा कर्नल सुरू झाला की तो स्वतःहून एकच प्रोग्राम चालवतो. त्या प्रोसेसचा क्रमांक १ आणि तिचे काम इनिटचे: बाकीच्या सेवा उठवणे आणि शेवटी त्या बंद करणे.

बराच काळ बहुतेक लिनक्सवर सिस्टिम व्ही धाटणीचा इनिट होता. रनलेव्हल, म्हणजे यंत्र कोणत्या अवस्थेत चालवायचे ते, ठरला की शेल स्क्रिप्ट एकामागून एक चालत. महिनोन्महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरला ही संथ रीत चालून जाई. लॅपटॉपवर वाय-फाय येते-जाते, पेनड्राइव्ह कधीही लागतो. तिथे ठरलेला क्रम तोकडा पडू लागला. उबुंटूने २००६ मध्ये अपस्टार्ट आणला. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टिमडी जाहीर केले आणि मे २०११ च्या फेडोरा १५ ने ते स्वीकारले.

डेबियनमध्ये मात्र भांडण पेटले. सिस्टिमडी सेवांपुरते न थांबता लॉग, लॉगिन, उपकरणे असे सगळेच हाती घेते, हा मुख्य आक्षेप. तो निराधार नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाराजांनी देवुआन या सिस्टिमडीविना चालणाऱ्या डेबियनच्या शाखेची घोषणा केली. पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडला.

डेस्कटॉपवाल्यांची खरी अडचण बूटमध्ये नव्हतीच. ती होती सिस्टिमडीच्या लॉगिनडी या भागामध्ये. पडद्यासमोर कोण बसले आहे, आवाजाचे उपकरण कोणाला द्यायचे, संगणक निद्रावस्थेत कोणी न्यायचा, हे तो ठरवतो आणि ग्नोमसारखे डेस्कटॉप त्याच्यावर विसंबू लागले होते. गुइक्स या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पासाठी २०१५ मध्ये लॉगिनडी सिस्टिमडीतून सोडवून स्वतंत्र केला गेला, तोच ईलॉगिनडी. सिस्टिमडी नाकारणाऱ्यांचे डेस्कटॉप त्यातूनच काढलेल्या तुकड्यावर चालतात, ही यातली गंमत. जुन्या वळणाचे स्लॅकवेअरही २०२२ च्या १५.० आवृत्तीत ईलॉगिनडीला शरण गेले.

त्यानंतर निवड सोपी झाली. देवुआन बसवतानाच सिसव्हीइनिट, ओपनआरसी किंवा रनिट निवडता येतो. ओपनआरसी जेंटूच्या घरचा, स्क्रिप्टची ओळखीची रीत सांभाळून अवलंबित्वे जाणणारा. गेरिट पापे यांचा रनिट डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सच्या वाटेने जातो: प्रत्येक सेवेवर एक छोटा पहारेकरी, सेवा पडली की तो ती पुन्हा उठवतो. रनिट वापरणाऱ्या व्हॉइड लिनक्समध्ये एखादी सेवा सुरू करायला ठराविक फोल्डरमध्ये एक लिंक टाकली की झाले. एवढा सुटसुटीतपणा क्वचितच सापडतो. आर्चच्या पायावर २०१७ मध्ये उभे राहिलेले आर्टिक्स ओपनआरसी आणि रनिटबरोबर एस६ आणि डिनिट हे इनिटही देते.

डिसेंबर २०१९ च्या मतदानात डेबियनने सिस्टिमडीला प्राधान्य दिले, इतर इनिटवरील कामाला मुभा ठेवली, पण त्यांच्या स्क्रिप्ट सांभाळण्याचे बंधन पॅकेजकर्त्यांवर घातले नाही. अशा सोडून दिलेल्या स्क्रिप्ट आता तिथे एका वेगळ्या पॅकेजात गोळा केल्या जातात.